आपत्काळात लोक नियम का पाळतात, आणि कुठे अडतात?

मृण्मयी

वादळ, पूर, साथ, वणवा, ज्वालामुखी, संकट कोणतंही असो, नंतरच्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: "लोक ऐकतच नाहीत." हे वाक्य आलं की चौकशी तिथेच संपते, आणि मला ते धोकादायक वाटतं. आपत्काळातल्या वर्तनावर जगभर जे काम झालंय त्यात चित्र जवळजवळ उलटं आहे. बहुसंख्य लोक बहुतेक नियम पाळतात. जिथे पाळत नाहीत तिथे कारण बहुधा आधीच शोधता आलं असतं, असं दिसतं.

मी प्रश्न या क्रमाने विचारते: आदेश पोचला का? कळला का? आपल्यासाठीच आहे असं वाटलं का? पाळणं शक्य आहे का? शेजारीपाजारी पाळताना दिसतात का? आदेश देणारा स्वतः पाळतो का? शिक्षेचा धाक मी यानंतर धरते.

यातला "शक्य आहे का" हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये इस्राएलमध्ये कोविडबाबत एक सर्वेक्षण झालं. घरात विलगीकरणात राहायला सांगितलं आणि बुडालेला पगार भरून मिळणार असेल, तर राहाल का? ९४ टक्के लोक हो म्हणाले. भरपाई मिळणार नाही म्हटल्यावर आकडा ५७ टक्क्यांच्याही खाली आला. लोक तेच, आजार तोच, कायदाही तोच. बदलली फक्त घरात बसण्याची किंमत. इतक्या मोठ्या गटाची नागरिक म्हणून निष्ठा एका प्रश्नाच्या अंतरात बदलत नसते.

इंग्लंडमध्ये मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळात वारंवार घेतलेल्या सर्वेक्षणांतही हेच दिसलं. लक्षणं असताना घरीच थांबलो असं सांगणारे ४३ टक्क्यांच्या आसपास होते. त्याच अभ्यासात कोविडची मुख्य लक्षणं बरोबर सांगू शकणारे जेमतेम निम्मे निघाले. म्हणजे गळती दोन ठिकाणी होती, कळण्यात आणि परवडण्यात. यातली एकही दंड वाढवून बुजत नाही.

जाणकारांनी भर घालावी. दंड, इशाऱ्याचा मजकूर, स्थलांतर, विश्वास, ज्याला जे नेमकं माहीत आहे ते.

न्यायप्रिय

दंडाबद्दल लिहितो.

इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्ये मांडलेली गोष्ट नंतरच्या संशोधनात पुन्हापुन्हा खरी ठरली आहे: शिक्षा किती कडक यापेक्षा ती होणार हे किती निश्चित, याचा धाक मोठा असतो. आपत्काळात नेमकी ही निश्चितीच तुटपुंजी असते. साधा हिशोब मांडू. समजा चार लाखांची वस्ती आहे आणि एका पाळीत ३०० पोलीस उपलब्ध आहेत. प्रत्येकाने तासाला २० जणांना थांबवून विचारलं, तर आठ तासांत ४८,००० जण होतात. म्हणजे दिवसाला आठातला एकही धड नाही, आणि त्या दिवशी पोलिसांनी दुसरं काहीही करायचं नाही. बचावकार्य, रुग्णवाहिकेला वाट, चोरीचा तपास, सगळं बंद. शिवाय हे सगळे रस्त्यावरचे. घराच्या आत जमलेल्या वीस जणांपर्यंत हा धाक पोचतच नाही.

म्हणून दंड कुठे चालतो हे आधी ठरवावं लागतं. दुकानं, सभागृहं, वाहतूक, साठेबाजी, बंद केलेला पूल इथे तो चालतो, कारण जागा मोजक्या, जबाबदार माणूस ठरलेला आणि उल्लंघन उघड दिसणारं. घरातल्या वर्तनावर चालत नाही. उलट तिथे दंड वाढवला की लोक लपवायला लागतात. साथीच्या काळात लपवलेला रुग्ण हा पकडलेल्या उल्लंघनापेक्षा फार महाग पडतो.

लहान दंडाचा आणखी एक धोका. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना थोडा दंड लावून पाहिला होता. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही पूर्वीच्या पातळीवर आला नाही. संकोच होता तोवर लोक वेळ पाळत होते. दंड आल्यावर उशिराला दर लागला. परवडणाऱ्यांसाठी सूट आणि न परवडणाऱ्यांसाठी शिक्षा, असं नियमाचं रूप झालं की तो संपलाच समजा.

तरीही दंड अजिबात नको असं मी म्हणणार नाही. त्याचं खरं काम नियम पाळणाऱ्यांना आश्वस्त करण्याचं आहे. दुकान बंद ठेवणाऱ्याला शेजारचं दुकान मागच्या दाराने चालू दिसलं आणि कोणी काहीच केलं नाही, तर तो तिसऱ्या दिवशी शटर अर्धं वर करतो. त्यामुळे कारवाई थोडी असावी, पण लवकर आणि उघड असावी, आणि ती एकट्यादुकट्या पादचाऱ्यावर न होता आयोजकावर, मालकावर, कंत्राटदारावर व्हावी. २०२० मध्ये ब्रिटिश पोलिसांना दिलेला क्रम मला योग्य वाटतो: आधी बोला, मग समजावा, मग प्रवृत्त करा, आणि शेवटी कारवाई. बिघाड होतो तो चौथ्या पायरीवर पहिल्या दिवशीच उडी मारल्यावर.

निशिगंध

इशाऱ्याच्या मजकुराबद्दल. इथे अक्षरशः एकेका शब्दाने फरक पडतो.

इशारा ऐकल्याबरोबर लोक धावत सुटतात, ही कल्पना चित्रपटांतली आहे. प्रत्यक्षात माणूस आधी खातरजमा करतो. खिडकीतून बघतो, शेजाऱ्याला विचारतो, घरच्यांना फोन लावतो, दुसरी वाहिनी लावून बघतो. डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन या आपत्ती-अभ्यासकांच्या कामात हा टप्पा फार बारकाईने आला आहे. तो टाळता येत नाही, पण लहान करता येतो. मजकुरात जे नसेल ते लोक बाहेर शोधत बसतात, आणि तेवढी मिनिटं वाया जातात.

पाच गोष्टी लागतात: कोण सांगतंय, काय धोका आहे, नेमका कुठे, कधीपर्यंत, आणि काय करायचं. शेवटची गोष्ट बहुतेक वेळा गाळली जाते किंवा "सतर्क राहा" एवढ्यावर उरकली जाते. सतर्क राहणं ही कृती नाही. ती केली की नाही हे स्वतः माणसालाही सांगता येत नाही.

कच्चा मजकूर असा असतो: "अतिवृष्टीच्या पार्श्वभूमीवर नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे व सहकार्य करावे." नदीकाठ म्हणजे किती अंतर? सुरक्षित स्थळ कोणतं? कधी? तोच मजकूर असा हवा: "पूर नियंत्रण कक्ष, दुपारी ३:१०. नदीचं पाणी रात्री ११ पर्यंत जुन्या पुलावरून जाईल. नदीपासून ५०० मीटरच्या आतल्या, तळमजल्यावरच्या सर्वांनी रात्री ८ च्या आत टेकडीवरच्या शाळेत जावं. औषधं, ओळखपत्र, एक रात्रीचे कपडे घ्या. जनावरं आणता येतील, जागा आहे. चालता न येणाऱ्यांसाठी गाडी हवी असेल तर या क्रमांकावर कळवा. पुढची सूचना ५ वाजता." दुसरा मजकूर लांब आहे, पण तो वाचल्यावर विचारायला फारसं काही उरत नाही.

लांबीची मर्यादा तंत्रामुळे येते. अमेरिकेत मोबाइलवरचे आपत्कालीन इशारे सुरुवातीला ९० अक्षरांचे होते. त्यात पाच गोष्टी बसतच नसत. २०१९ च्या अखेरीस मर्यादा ३६० अक्षरांवर नेली. जमेल तिथे एसएमएसऐवजी सेल ब्रॉडकास्ट वापरावं, कारण ते टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांवर एकदम जातं. एसएमएस एकेका क्रमांकाला जातो, आणि जाळं तुंबलं की रांगेत अडकतो.

आकडा देताना फार जपावं लागतं. ११ मार्च २०११ ला जपानच्या हवामान संस्थेने भूकंपानंतर तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा दिला, हे कौतुकास्पदच. पण पहिल्या अंदाजात इवाते किनाऱ्यासाठी लाट ३ मीटर सांगितली होती. लाट अडवणाऱ्या किनाऱ्यावरच्या भिंतीची उंची माहीत असलेल्यांनी मनात वजाबाकी केली. अंदाज वाढवून सांगितला तो भूकंपानंतर २८ मिनिटांनी. तोवर अनेक ठिकाणची वीज गेलेली, पुष्कळांपर्यंत तो पोचलाच नाही. २०१३ पासून त्यांनी पद्धत बदलली. भूकंप प्रचंड असेल तर पहिल्या इशाऱ्यात मीटर द्यायचेच नाहीत, लाट "महाकाय" आहे एवढंच सांगायचं. निवेदकांचा सूरही बदलला. शांत, सपाट आवाजात वाचलेला इशारा ऐकणाऱ्याला नेहमीच्या बातमीसारखा वाटतो. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात जपानी सरकारी वाहिनीवरची निवेदिका अक्षरशः ओरडून पळायला सांगत होती. ते ठरवून, सराव करून केलेलं होतं.

"घबराट पसरेल" म्हणून माहिती दाबणाऱ्यांसाठी एवढंच सांगेन की समाजशास्त्रज्ञ क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं आपत्ती अभ्यासल्या आणि सामूहिक घबराट ही विरळा गोष्ट आहे असंच त्यांना आढळलं. लोक उशिरा निघतात, ही त्याहून कितीतरी मोठी अडचण.

दर्यावर्दी

स्थलांतराचं गणित उलटं मांडावं लागतं, शेवटाकडून सुरुवातीकडे. नाहीतर आदेश बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो.

समजा वादळ धडकण्याच्या ६ तास आधी वारा इतका वाढतो की उंच गाड्या आणि पूल बंद करावे लागतात. सगळ्यांना हलवायला, रस्त्याची क्षमता पाहता, १२ तास लागतात. आदेश ऐकल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत माणसांना ४ तास लागतात (निशिगंध यांनी सांगितलेली खातरजमा, वर बांधाबांध, वर म्हाताऱ्यांची समजूत). बेरीज २२ तास. आता बघा की हे २२ तास रात्रीत पडतात का. मध्यरात्री दिलेला आदेश सकाळीच अमलात येतो, म्हणून मधली रात्र बेरजेत आणखी धरायची. तेव्हा आदेश ३० तास आधी द्यावा लागेल. ३० तास आधी वादळाचा मार्ग पुरता पक्का नसतो. इथेच अधिकाऱ्यांचा हात अडखळतो, आणि हा निर्णय आधी लिहून ठेवलेला नसेल तर प्रत्येक वेळी अडखळणार.

कतरिना वादळाच्या वेळी, २००५ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये सक्तीचा आदेश २८ ऑगस्टच्या सकाळी निघाला. वादळ २९ च्या पहाटे धडकलं. मागे राहिलेल्यांना हट्टी म्हटलं गेलं, पण त्यांच्यातल्या हजारोंकडे गाडी नव्हती. कित्येक जण पाळीव प्राण्यांसाठी थांबले, कारण निवाऱ्यात प्राणी घेत नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला की स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांची सोय धरलीच पाहिजे. ज्याला आपण भावनिक हट्ट म्हणत होतो तो योजनेतला खड्डा होता.

त्यानंतर महिन्याभरातच रिटा वादळ आलं आणि उलटं घडलं. ह्यूस्टनमधून ज्यांना निघायला सांगितलंच नव्हतं तेही निघाले. शंभर मैलांच्या रांगा, उन्हात बंद पडलेल्या गाड्या, संपलेलं इंधन. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटून २३ जण गेले. या स्थलांतरातच शंभराच्या आसपास माणसं दगावली. तेव्हा "कोणी जायचं" इतकंच ठळकपणे "कोणी जायचं नाही" हेही सांगावं लागतं. विभागांना अ, ब, क अशी नावं देऊन ती आधीच घरोघरी माहीत करून द्यावीत. अ निघाल्यावर ठरावीक तासांनी ब. उलट दिशेच्या मार्गिका बाहेर जाण्यासाठी खुल्या करायच्या असतील तर त्या आदेशासोबतच, कोंडी झाल्यावर नव्हे.

बांगलादेशचा अनुभव सगळ्यांत शिकवणारा. १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. १९७२ मध्ये स्वयंसेवकांचं जाळं उभं करायला सुरुवात झाली. आज त्यात सत्तर हजारांहून जास्त लोक आहेत, आणि निम्म्याच्या आसपास स्त्रिया. मेगाफोन, हाताने फिरवायचा भोंगा, आणि झेंडे: एक झेंडा, दोन झेंडे, तीन झेंडे, धोका जसा वाढेल तसे. सांगणारा शेजारचाच असतो, म्हणून खातरजमेचा टप्पा दारातच पुरा होतो. तरी लोक निवाऱ्यात यायला का कां-कू करत, हे विचारल्यावर उत्तरं ठरलेली यायची: गुरं, घरातल्या वस्तूंची चोरी, आणि निवाऱ्यात बायकांना आडोसा नाही. मग गुरांसाठी मातीचे उंच ओटे बांधले, गावात गस्त ठेवली, स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आणि शौचालयं केली. २००७ च्या सिद्र वादळात मृत्यू सुमारे ३,४०० झाले. हा आकडा लहान नाही, पण १९७० शेजारी ठेवून पाहा. ओडिशातही तसंच. १९९९ च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ च्या फायलिन वादळाआधी जवळजवळ दहा लाखांना हलवलं आणि मृत्यू ५० च्या खाली राहिले.

निवाऱ्याचे आकडे हाताशी असावेत. मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय स्फिअर निकषांनुसार राहण्यासाठी माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, दिवसाला १५ लिटर पाणी, सुरुवातीच्या काळात ५० जणांमागे एक शौचालय आणि नंतर २० जणांमागे एक, आणि स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट. आतून कडी आणि बाहेर दिवा हे दोन नसले तर रात्री स्त्रिया शौचालय वापरत नाहीत, आणि पुढच्या वेळी निवाऱ्यात येतच नाहीत. नियम न पाळण्याचं कारण कधीकधी एक कडी असते.

उत्तरा

मृण्मयी, तुमच्या क्रमात विश्वास मला फार खाली दिसतो. सोय, मजकूर, गाडी सगळं असूनही सांगणाऱ्यावर भरवसा नसेल तर?

लायबेरियात २०१४ च्या अखेरीस, इबोलाच्या काळात, मोनरोव्हियात घरोघरी सर्वेक्षण झालं. ज्यांचा सरकारवर विश्वास कमी होता ते काळजी कमी घेत होते आणि निर्बंध कमी पाळत होते. पण रोगाबद्दलची त्यांची माहिती इतरांपेक्षा कमी नव्हती. माहिती दिली की लोक सुधारतील, हे गृहीतक तिथेच पडतं. त्याच वर्षी २० ऑगस्टला वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती एका रात्रीत काटेरी तारांनी वेढून बंद केली. दगडफेक, गोळीबार, एका किशोराचा मृत्यू. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. जाताना मागे अविश्वासच ठेवून गेला.

मग बदल कुठे झाला? अंत्यसंस्कारात. सुरुवातीला पथकं येत, मृतदेह उचलून नेत, कुटुंबाला काही कळत नसे. साहजिकच लोक मृतदेह लपवून रात्री पुरत, आणि संसर्ग तिथूनच पसरे. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने "सुरक्षित आणि सन्मानपूर्वक" दफनाची पद्धत आणली. पथकाने आधी संरक्षक पोशाखाशिवाय, चेहरा दिसेल असं येऊन कुटुंबाशी बोलायचं, प्रार्थनेला वेळ द्यायचा, कबरीबाबत कुटुंबाचं ऐकायचं, मृतदेहाला कोणी हात लावायचा नाही एवढी अट मात्र कायम. वैद्यकीय नियम जराही सैल केला नाही. बदलली ती वागणूक.

आपल्याकडच्या वाचकांना १८९७ च्या पुण्याच्या प्लेगचं उदाहरण माहीत असेलच. गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, आणि लोकांनी रुग्ण माळ्यावर लपवले. विलगीकरणाचा वैद्यकीय हेतू चुकीचा नव्हता. ते ज्या पद्धतीने लादलं त्या पद्धतीनेच ते हरलं.

मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी कायदापालनावर केलेल्या कामातून चार गोष्टी पुढे येतात: आपलं म्हणणं ऐकलं गेलं का, निर्णय सगळ्यांना सारखा लावला का, वागणूक आदराची होती का, आणि हेतू आपल्या भल्याचा वाटतो का. निकाल विरोधात गेला तरी हे चार असले तर लोक तो मानतात. आपत्काळात पहिली गोष्ट वेळेअभावी कापली जाते, आणि तिथेच मोठी चूक होते. वस्तीतल्या दहा जणांशी आदेशापूर्वी तासभर बोलणं हे वेळ घालवणं नाही. पाणवठा कुठे, रात्रपाळीचे लोक कधी येतात, कोणत्या घरी खाटेवरचा रुग्ण आहे, हे त्या तासातच कळतं.

मृण्मयी

उत्तरा, मान्य. विश्वास मी क्रमात एका पायरीवर ठेवला ते बरोबर नव्हे, तो प्रत्येक पायरीवर लागतो. फक्त एक जोड: सोय करणं हाच विश्वास कमावण्याचा सगळ्यांत जलद मार्ग आहे. विलगीकरणातल्या घरी पहिल्या दिवशी किराणा आणि औषधं पोचली, तर दुसऱ्या दिवशीच्या आदेशाला वजन येतं. चौथ्या दिवशी पोचली तर ते वरातीमागून घोडं.

धूमकेतू

सगळे "लोकांनी नियम पाळावेत कसे" यावर बोलताहेत. नियम पाळल्यामुळे माणसं मेली, त्यांचं काय?

१६ एप्रिल २०१४, दक्षिण कोरियातली सेवोल बोट. बोट कलत होती आणि ध्वनिक्षेपकावरून जागेवर थांबायला सांगत होते. विद्यार्थी थांबले. ३०४ जण गेले. कप्तान आधी बाहेर पडलेला. लंडनचा ग्रेनफेल टॉवर, १४ जून २०१७. पहिला फोन रात्री १२:५४ ला. "आपापल्या घरात थांबा" हा सल्ला मागे घेतला २:४७ ला. चौकशी आयोगाचा निष्कर्ष असा की तो १:३० ते १:५० च्या दरम्यानच मागे घ्यायला हवा होता. ७२ मृत्यू. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात तर दुसरं विमान धडकण्याच्या काही मिनिटं आधी लोकांना कार्यालयात परत जा म्हणून सांगितलं गेलं.

"घरात थांबा" हा नियम मुळात मूर्खपणाचा नाही. काँक्रीटच्या इमारतीत, आग एका घरात कोंडून राहणार असेल, तर तोच सुरक्षित. पण तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते बाहेरच्या ज्वलनशील आवरणाने मोडलं होतं. म्हणून माझी मागणी अशी की प्रत्येक आपत्कालीन नियमासोबत तो कधी लागू नाही हेही सांगावं. "घरात थांबा. घरात धूर किंवा उष्णता आली, तर कोणाची वाट न बघता जिन्याने खाली या." आणि नियंत्रण कक्षात एका माणसाचं काम एवढंच असावं: गृहीतक अजून शाबूत आहे का ते दर पंधरा मिनिटांनी तपासणं, आणि नियम फिरवण्याचा अधिकारही त्याच्याकडे असावा.

जपानमधल्या कामाइशी शहरातल्या मुलांचं उदाहरण याच बाजूचं. शाळांतल्या जवळजवळ ३,००० मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं की नकाशावर भरवसा ठेवू नका, मिळेल त्या उंच जागी जा, आणि कोणाची वाट बघू नका. २०११ च्या त्सुनामीत ठरलेल्या जागी पोचल्यावर ती सुरक्षित वाटेना, म्हणून मुलं आणखी वर गेली. जवळजवळ सगळी वाचली.

न्यायप्रिय

धूमकेतू, हा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि त्याला कायद्याची बाजूही आहे. मानवी हक्कांवरच्या निर्बंधांविषयीच्या, १९८४ च्या आंतरराष्ट्रीय सिराक्युझा तत्त्वांनुसार निर्बंध कायद्यावर आधारलेला, आवश्यक, प्रमाणशीर, मुदतीचा आणि भेदभावरहित असावा. मुदत संपताच तो आपोआप गळून पडावा. वाढवायचा असेल तर पुन्हा कारण देऊन वाढवावा. मुदत नसलेला निर्बंध लोक स्वतःच्या मनाने संपवतात, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी असते.

दुसरी गफलत कायदा आणि सल्ला यांची. २०२० च्या वसंतात इंग्लंडमध्ये मंत्री "दिवसातून एकदाच व्यायाम" म्हणत होते, पण इंग्लंडच्या कायद्यात ती मर्यादा नव्हतीच. वेल्सच्या कायद्यात होती. पोलिसांनी सल्ल्यावर दंड करायला सुरुवात केली की न्यायालयात तो टिकत नाही, आणि मग खऱ्या कायद्याचीही पत जाते. सूचनापत्रकात दोन रकाने करा, "बंधनकारक" आणि "सल्ला". एवढं पुरतं.

आरस्पानी

बातम्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. अॅरिझोनातल्या अश्मीभूत लाकडांच्या उद्यानात मानसशास्त्रज्ञ चालडिनी यांनी फलकांचा प्रयोग केला होता. "आधीच्या पुष्कळ लोकांनी लाकडं उचलून नेली" अशा आशयाच्या फलकाजवळ खूण केलेले जवळजवळ ८ टक्के तुकडे चोरीला गेले. नुसतं "कृपया उचलू नका" सांगणाऱ्या फलकाजवळ २ टक्क्यांहून कमी. गर्दीचा फोटो छापून "नियमांची पायमल्ली" असा मथळा देणारे पहिल्या प्रकारचा फलक लावत असतात. लांब भिंगातून काढलेल्या फोटोत दहा मीटर अंतरावरची माणसंही एकमेकांना चिकटलेली दिसतात, हे वेगळंच.

नेते मोडतात तेव्हा मात्र बातमी व्हायलाच हवी. ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या सल्लागाराचा टाळेबंदीतला प्रवास मे २०२० मध्ये उघड झाल्यावर सरकारवरचा विश्वास इंग्लंडमध्ये घसरला. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये, आपापल्या सरकारांबद्दल, तशी घसरण नव्हती. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी दुसऱ्या घरी जाऊन आल्याचं एप्रिलमध्येच बाहेर आलं होतं, आणि त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी वाढदिवसाला मर्यादेपेक्षा जास्त माणसं जमवली, तर पोलिसांनी एप्रिल २०२१ मध्ये त्यांना २०,००० क्रोनर दंड केला. एरवी अशा प्रकरणात दंड केला नसता, पण निर्बंधांचा चेहराच त्या होत्या, असं पोलीस प्रमुखांनी कारण दिलं. चूक झाल्यावर विश्वास वाचवायला बहुधा एकच दिवस मिळतो.

उत्तरा

खोट्या इशाऱ्यांचं काय? दोनदा काहीच झालं नाही तर तिसऱ्यांदा कोण ऐकेल?

दर्यावर्दी

उत्तरा, यात दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक म्हणजे निव्वळ चूक. जानेवारी २०१८ मध्ये हवाईत क्षेपणास्त्राचा इशारा चुकून गेला, आणि तो चुकीचा होता हे फोनवर कळवायला ३८ मिनिटं लागली, कारण मागे घेण्याचा मजकूर तयारच नव्हता. इशाऱ्याच्या प्रत्येक साच्याशेजारी तो मागे घेण्याचा साचा हवाच.

दुसरा प्रकार धोका खरा होता पण वळला. याने विश्वास तुटायलाच हवा असं नाही, मात्र चोवीस तासांच्या आत कारण सांगावं लागतं: वादळ किती किलोमीटर सरकलं, सरकलं नसतं तर पाणी कुठवर आलं असतं. फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचं उदाहरण घ्या. १९९१ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी पाच पातळ्यांची पद्धत आखली, आणि लोकांचा व अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना तेव्हा ज्वालामुखी काय करतो याची चित्रफीत दाखवली. तीत कोलंबियातल्या आर्मेरो गावाचीही दृश्यं होती. तिथे १९८५ मध्ये धोक्याचा नकाशा तयार असूनही लोकांना शांत राहायला सांगितलं होतं, आणि उद्रेकानंतर अडीच तासांनी आलेल्या चिखलाने सुमारे २३,००० माणसं गाडली. पिनातुबोभोवतीची धोक्याची त्रिज्या १० किलोमीटरवरून २०, ३० आणि शेवटी ४० पर्यंत वाढवत नेली. दर टप्प्याला कारण दिलेलं असल्याने ती मनमानी वाटली नाही. कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर १९७६ साली सत्तर हजारांहून अधिक लोक कित्येक महिने घराबाहेर ठेवले, मोठा उद्रेक झालाच नाही, आणि शास्त्रज्ञ जाहीरपणे एकमेकांशी भांडत राहिले. असा इशारा पुढच्या पिढीलाही पुरून उरतो.

आणि परतीचा आदेश. घर सोडून गेलेल्यांना परत केव्हा येता येईल हे न सांगितल्यास लोक चोरवाटांनी येतात, पुढच्या वेळी तर निघतच नाहीत. निघतानाच सांगा की परतीचा निर्णय रोज किती वाजता कळेल. गुरांना चारा-पाणी घालायला आणि औषधं आणायला ठरावीक वेळेत, नावनोंदणी करून, तासाभराचा प्रवेश द्या. नाक्यावर आत जाताना नाव, बाहेर येताना खूण. संध्याकाळी यादीत खूण नसलेली नावं उरली की शोध कुठे घ्यायचा ते लगेच कळतं. विभाग उघडण्याआधी वीज, गॅस, पूल आणि पिण्याचं पाणी यांची तपासणी करून प्रत्येकाची सही घ्यावी. चारपैकी एक जरी राहिली तरी तो विभाग उघडू नये, आणि कोणती राहिली आहे ते फलकावर लिहावं.